हेड गेलं नाही, अडकलंय!

घरातला सगळ्यात रुसका मेंबर कोण? माझं उत्तर ठरलेलं आहे. इंकजेट प्रिंटर! मिक्सर सहा महिने माळ्यावर टाका, खाली काढून प्लग लावला की घरघरायला लागतो. इस्त्री वर्षभर कपाटात पडून राहू दे, तिची काही तक्रार नसते. पण प्रिंटरकडे दोन महिने ढुंकून बघितलं नाही, की साहेबांचा मूड ऑफ. आणि तो ऑफ झालाय हे आपल्याला कधी कळतं? तर व्हिसाचा फॉर्म, भाडेकरार किंवा भाच्याचं प्रोजेक्ट रात्री साडेदहा वाजता प्रिंट करायचं असतं तेव्हा. कागद बाहेर येतो तो मधे मधे पांढरे पट्टे घेऊन, नाहीतर एखादा अख्खा रंगच गायब करून.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या सोसायटीत घरटी एक प्रिंटर आला होता. ऑनलाइन शाळा, वर्क फ्रॉम होम, वर्कशीट्स... सॉल्लिड चलती होती त्यांची. मग शाळा उघडल्या, ऑफिसं उघडली, आणि बहुतेक प्रिंटरांवर कापडी कव्हर चढलं. काहींवर तर आता फुलदाणी आहे! आणि ‘आमचा प्रिंटर बिघडलाय’ असं जो तो सांगतो. विचारलं, काय झालं? तर उत्तर एकच. ‘काही नाही गं, नुसता पडून होता.’

मंडळी, पडून होता म्हणूनच बिघडला! आणि खरं म्हणजे ‘बिघडला’ हा शब्दही जरा जास्तच आहे. बऱ्याचदा आतली शाई वाळलेली असते, बस्स. या कॉलमच्या रेग्युलर वाचकांना आपला फंडा माहीत आहेच. फेकण्याआधी एकदा नीट बघायचं. या आठवड्यात पाळी प्रिंटरची.

आत अडकतं तरी काय?

प्रिंटरमध्ये जो भाग डावीकडून उजवीकडे पळत असतो, त्याच्या पोटाशी प्रिंट हेड असतं. हेडला शेकडो सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना म्हणायचं नोझल. एका नोझलची रुंदी साधारण २० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. त्यातून उडणारा थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात. एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा भाग! असे लाखो थेंब बरोबर जागेवर पडतात, तेव्हा कुठे तुमचा पासपोर्ट साइज फोटो माणसासारखा दिसतो.

हा थेंब उडवायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली उष्णतेची. १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या लॅबमध्ये इचिरो एंडो काम करत असताना गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं, आणि सुईच्या टोकातून शाई फुर्रकन उडाली. त्यातूनच बबल जेटची कल्पना निघाली. नोझलमागे एक इटुकला हीटर असतो, तो शाई क्षणार्धात उकळवतो, बुडबुडा तयार होतो आणि थेंब बाहेर ढकलतो. कॅनन आणि एचपीचे घरगुती इंकजेट याच घराण्यातले.

दुसरी तऱ्हा पिझोची. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज तयार होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. त्याचं उलटंही खरं आहे. वीज दिली की असा स्फटिक किंचित वाकतो आणि शाईला ढुशी मारतो. एप्सन आणि ब्रदरचं हेड असं चालतं.

आता खरी गोम ऐका. इंकजेटच्या शाईकडून आपल्या दोन अपेक्षा असतात, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. कागदावर पडली की तिनं पटकन वाळायला हवं, पण नोझलमध्ये असताना मुळीच वाळायला नको! म्हणून शाईत ओलावा धरून ठेवणारी द्रव्यं घालतात. शिवाय काम संपलं, की हेड एका कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं. पेनाला टोपण लावतो ना, अगदी तसं. पण टोपण लावलेलं शाईचं पेनही चार महिन्यांनी लिहायला कुरकुरतंच की! रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असेल, म्हणजे डाय इंक असेल, तर ती वाळली तरी पुन्हा ओली होते. पिगमेंट इंकमध्ये रंगाचे बारीक कण तरंगत असतात, ती वाळली की जास्त हट्टी. बऱ्याच मॉडेलमध्ये काळी शाई पिगमेंट असते आणि रंगीत शाया डाय. त्यामुळे ‘काळं येतच नाही, बाकी मस्त’ ही तक्रारही कॉमन आहे.

बोर्डावरचं बटण

आपल्याकडे एक घरगुती संस्कार आहे. वस्तूचं काम झालं, की भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद! आईनं लहानपणापासून हेच शिकवलेलं. टीव्हीला चालतं, मिक्सरला चालतं. प्रिंटरला मात्र हे महागात पडतं. प्रिंटरच्या अंगावरचं बटण दाबून तो बंद केला, की आधी हेड आपल्या जागेवर जातं, टोपीवर बसतं आणि मगच दिवा विझतो. बोर्डावरून एकदम करंट तोडला आणि हेड त्या क्षणी मधेच कुठेतरी असलं, तर ते तसंच उघड्यावर राहतं. वर पंखा, बाजूला एसी, आणि बाहेर एप्रिल-मेचं ऊन. मग शाई वाळणार नाही तर काय होणार?

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझू द्या, मग खुशाल बोर्ड बंद करा. प्रिंट चालू असताना लाइट गेले, तर परत आल्यावर प्रिंटर एकदा चालू करा आणि त्याच्याच बटणानं बंद करा. एवढ्या एका सवयीनं अर्धा आजार दारातूनच परत जातो.

आधी रोग, मग औषध

पट्टे दिसले की लगेच ‘हेड जाम’ असं म्हणायचं नाही. आधी नोझल चेक प्रिंट करा. प्रिंटरच्या मेंटेनन्स मेनूत हा पर्याय असतो आणि त्याला शाई अगदी किंचित लागते. कागदावर चारही रंगांच्या बारीक रेघांची जाळी येते. जाळी पूर्ण असेल आणि तरी फोटोत पट्टे असतील, तर दोष नोझलचा नाही. हेड अलाइनमेंट, कागदाचा प्रकार किंवा ड्राफ्ट मोडचं सेटिंग तपासा. जाळी तुटकी असेल, तर लागोपाठ दोनदा प्रिंट काढा आणि कागद शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही वेळा तीच रेघ गायब असेल, तर तिथे वाळलेली शाई असण्याची शक्यता जास्त. रेघा दर वेळी वेगळ्या गायब होत असतील, तर नळीत हवा शिरलेली असू शकते.

काही फालतू वाटणाऱ्या गोष्टीही बघून घ्या. टँकमधली शाई खालच्या रेघेखाली गेली आहे का? नवीन कार्ट्रिजवरची टेप काढली का? काही जुन्या टँक मॉडेलना प्रवासात शाई सांडू नये म्हणून एक खटका असतो, तो घर बदलताना बंद केलेला तसाच राहिला आहे का? हसू नका, पॅकर्स-मूव्हर्सनंतरची ही हमखास केस आहे. आणि प्रिंटर वॉरंटीत असेल, तर इथेच थांबा आणि कंपनीला फोन लावा. पुढचे उद्योग वॉरंटी संपलेल्यांसाठी आहेत.

क्लिनिंगच्या बटणाचा मोह

नोझल चेक खराब आलं, की मेनूतलं ‘हेड क्लिनिंग’ खुणावायला लागतं. ते वापरायचंच आहे, पण त्याचा फंडा समजून घ्या. क्लिनिंग म्हणजे प्रिंटर टोपीला जोडलेला छोटा पंप चालवतो आणि नोझलमधून शाई ओढून घेतो. ही ओढलेली शाई जाते कुठे? तळाशी स्पंजासारखे पॅड असतात, त्यांत. शाईही गेली आणि पॅडही भरत चालले. बऱ्याच प्रिंटरमध्ये या वाया गेलेल्या शाईचा हिशेब ठेवला जातो. पॅड भरल्याचा आकडा गाठला, की प्रिंटर चक्क काम थांबवतो. म्हणजे रागाच्या भरात पंधरा वेळा क्लिनिंग दाबलं, तर पहिलं दुखणं बरं होवो न होवो, दुसरं नक्की सुरू होईल.

मग किती वेळा? एक क्लिनिंग, एक नोझल चेक. असं तीनदा. तरी फरक नसेल तर प्रिंटर बंद करा आणि त्याला एकटं सोडा. मॉडेलप्रमाणे मॅन्युअलमध्ये कुठे ६, तर कुठे १२ तास थांबायला सांगितलेलं असतं. या वेळात ताजी शाई वाळलेल्या शाईला हळूहळू मऊ करते, नळीतले बुडबुडे वर जातात. आपण सगळे डेडलाइनवाले लोक, त्यामुळे ‘काहीही न करणं’ हाही उपाय असू शकतो, हे आपल्याला पटतच नाही!

टँकवाल्या काही मॉडेलमध्ये ‘पॉवर क्लिनिंग’ नावाचं ब्रह्मास्त्र असतं. ते नळीतली सगळी शाई बदलून काढतं. टँक किमान एक तृतीयांश भरलेला असल्याशिवाय ते चालवू नये, नाहीतर शाईऐवजी हवाच ओढली जाते. हे अगदी शेवटी, आणि एकदाच.

ताईचं कुंकू, ताईची हळद

मार्चमधली गोष्ट. डोंबिवलीची माझी मामेबहीण, म्हणजे आमची ताई, घरून मेतकूट, चटण्या आणि लाडू विकते. बरणीवरचं लेबल तिनं स्वतः डिझाइन केलंय, मधोमध कुंकवासारख्या लाल रंगाचा गोल. बाळंतपणात चार महिने सगळं बंद होतं. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि पहिली ऑर्डर आली. एका मुंजीसाठी १५० छोट्या बरण्या, मंगळवारी द्यायच्या. शुक्रवारी तिनं लेबलं प्रिंट करायला घेतली, तर लाल गोल आला हळदीसारखा पिवळाधम्मक. लाल रंग तयार होतो मॅजेंटा आणि पिवळ्यातून. मॅजेंटा रुसला, की कुंकवाची हळद होते!

एक रिपेअरवाले बघून गेले. ‘हेड गेलं मॅडम, बदलावं लागेल.’ खर्च सांगितला तो नव्या प्रिंटरच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. फोनवर ताई शांतपणे म्हणाली, “अगं, मी त्यांना ऑर्डर जमणार नाही म्हणून कळवते. तसंही सगळे म्हणतायत, एवढ्यात कशाला सुरू करतेस.” तो शांतपणा मला काही बरा वाटला नाही. बाहेरून लेबलं छापून आणता आली असती, पण दीडशेच्या छोट्या कामाला मंगळवारपर्यंतची वेळ कुणी देईना. शनिवारी सकाळी मी लोकल पकडली.

नोझल चेक काढलं. काळा, निळा, पिवळा एकदम कडक. मॅजेंटाच्या अख्ख्या जाळीतल्या फक्त तीन बारीक रेघा उमटल्या होत्या. त्या तीन रेघा बघून मला हायसं वाटलं. हेडचं इलेक्ट्रॉनिक्स पार मेलं असतं, तर बहुधा एकही रेघ आली नसती. हेड गेलं नव्हतं, अडकलं होतं. ताईनं दोन क्लिनिंग आधीच केली होती, आम्ही तिसरं केलं आणि थांबलो. दुपारभर बाळाला खेळवलं. संध्याकाळी तीनच्या सात रेघा झाल्या होत्या. म्हणजे गाडी हलत होती, पण मंगळवारपर्यंत पोचणार नव्हती.

मग आम्ही थेट टोपीकडे वळलो. तिच्या प्रिंटरचं हेड मशीनमध्येच पक्कं बसवलेलं, सहज काढता न येणारं. अशा वेळी काय करतात ते सांगते. नोझल चेकची कमांड द्यायची, हेड टोपीवरून उठून पुढे सरकलं की प्लग काढायचा. (होय, वर मी हेच करू नका म्हटलंय. इथे ते मुद्दाम, एकदाच, आणि आपण समोर असताना.) आता हेड हातानं अलगद सरकवता येतं आणि टोपी उघडी पडते. ताईच्या प्रिंटरच्या टोपीच्या रबरी कडेवर वाळलेल्या शाईचा चिखल बसला होता. कडेला फट राहिली, की पंप शाई ओढण्याऐवजी हवा ओढतो, म्हणून क्लिनिंग करूनही फायदा होत नव्हता. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून पिळलेल्या इअरबडनं ती कड पुसली. मग ड्रॉपरनं टोपीतल्या स्पंजावर डिस्टिल्ड वॉटरचे पाच-सहा थेंब सोडले, हेड हळूच परत टोपीवर सरकवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. हेडला खालून वाफारा दिल्यासारखंच, फक्त वाफेशिवाय.

डिस्टिल्ड वॉटरच का? ताईकडे टँकरचं पाणी येतं, बादलीच्या कडेला पांढरे थर बसतात. तेच क्षार २० मायक्रॉनच्या छिद्रात बसले तर? डिस्टिल्ड वॉटर मेडिकलवाल्याकडे किंवा गाडीच्या बॅटरीच्या दुकानात मिळतं. तिथे ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून मागा, फक्त चुकून ॲसिड आणू नका!

रविवारी सकाळी एक क्लिनिंग, एक चेक. दोन रेघा सोडून सगळी जाळी हजर. पुन्हा दिवसभर विश्रांती. सोमवारी सकाळी मॅजेंटा पूर्ण. पहिलं लेबल बाहेर आलं तेव्हा ताई बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. तिनं तो लाल गोल बोटानं हळूच चोळून बघितला, शाई उठत नाही ना म्हणून, आणि म्हणाली, “आता बरण्या धुवायला घे.” मंगळवारी ऑर्डर गेली.

तुमचा प्रिंटर कोणत्या घराण्यातला?

सगळ्यांना ताईचीच ट्रीटमेंट लागू नाही. हेड कुठे आहे, यावर सगळं अवलंबून आहे. एचपीनं १९८४ मध्ये थिंकजेट आणला, तेव्हा हेड आणि शाई एकाच डबीत ठेवली होती. शाई संपली की डबी बदला, हेडही नवं! आजही एचपीच्या बऱ्याच स्वस्त डेस्कजेटमध्ये आणि कॅननच्या बऱ्याच स्वस्त पिक्स्मामध्ये हीच सोय आहे. कार्ट्रिज बाहेर काढून बघा. खाली छिद्रांची छोटी चकचकीत पट्टी आणि बाजूला तांब्याचे ठिपके दिसले, तर तुमचं हेड कार्ट्रिजमध्येच आहे. टिश्यूची चार पदरी घडी कोमट डिस्टिल्ड वॉटरनं ओली करा आणि पट्टी खाली येईल अशी कार्ट्रिज त्यावर दोन-तीन मिनिटं ठेवा. घासायचं नाही, फक्त टेकवायचं. टिश्यूवर रंगाचा स्वच्छ पट्टा उमटला की काम झालं. तांब्याच्या ठिपक्यांना बोट लावू नका, ते कोरडे आहेत याची खात्री करूनच कार्ट्रिज परत बसवा. एवढं करून जमलं नाही, तर नवं कार्ट्रिज आणा, विषय संपला.

टँकवाल्यांचं गणित वेगळं. एप्सननं २०१० मध्ये इंडोनेशियात पहिल्यांदा बाटलीनं शाई भरायचा प्रिंटर आणला, आणि मग इतर कंपन्याही त्याच वाटेनं गेल्या. पानामागचा खर्च खूप खाली आला. पण इथे हेड वर्षानुवर्षं तेच राहतं, म्हणून त्याला जपावं लागतं. काही टँक मॉडेलमध्ये हेड सुटं मिळतं आणि घरच्या घरी बदलता येतं. त्यामुळे ‘नवा प्रिंटरच घ्या’ हे ऐकण्याआधी आपल्या मॉडेलचं हेड वेगळं मिळतं का, हे जरूर विचारा.

आणि ज्यांचं हेड खटका उचलून बाहेर काढता येतं, त्यांनी शायांच्या डब्या काढून हेडचा नोझलकडचा भाग कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवावा. नंतर मात्र हेड पूर्ण २४ तास वाळू द्या. ओलं हेड बसवून करंट दिला, तर शॉर्ट होऊन हेडसोबत आतला बोर्डही जाऊ शकतो.

हे अजिबात नको

* टाचणी, सुई, टूथब्रश. नोझलच्या पट्टीवर एक ओरखडा, आणि हेड खरोखरच गेलं.
* हँड सॅनिटायझर. त्यातला चिकट अंश आत बसला तर नवीनच आजार.
* नेलपॉलिश रिमूव्हर. त्यातलं ॲसिटोन प्लास्टिक खातं.
* उकळतं पाणी आणि हेअर ड्रायर. हेडमधले जोड चिकटवलेले असतात, उष्णतेनं सुटतात.
* सिरिंजनं जोर लावून पाणी मारणं. आतले पडदे फाटतात.
* हेडच्या मागे आडवी ताणलेली पारदर्शक पट्टी पुसणं. तिच्यावरच्या बारीक रेघा वाचून हेडला आपली जागा कळते. तिला डाग लागला, की हेड भरकटलंच.
* एका टँकमध्ये दोन वेगळ्या शाया मिसळणं. डाय आणि पिगमेंट एकत्र आले की गुठळी होऊ शकते. ‘सगळ्याला चालते’ अशी सुटी शाई घेण्याआधी तर दोनदा विचार करा.

कधी हात टेकायचे?

तीन दिवस गेले, दोनदा भिजवून झालं, आणि नोझल चेकमध्ये तसूभर फरक नाही? मग एक शेवटची टेस्ट. ओलसर टिश्यूची घडी हेडखाली दहा मिनिटं ठेवा. टिश्यूवर सगळे रंग उमटले, पण कागदावर एक रंग येतच नाही, तर शाईची वाट मोकळी आहे आणि दोष बहुधा विजेचा आहे. त्याला पाणी काही करणार नाही. इथे मेकॅनिकचं ऐका आणि हिशेब मांडा.

नवा घ्यायचाच असेल, तर स्वतःला एक प्रामाणिक प्रश्न विचारा. मी नक्की काय प्रिंट करते? महिन्याला दहा काळी पानं, तीही आठवण झाली तर, असं उत्तर असेल तर साधा लेझर प्रिंटर बघा. त्यात टोनर म्हणजे कोरडी पावडर असते. वाळायला त्यात काही ओलं नसतंच!

आणि जुना प्रिंटर जिन्याखाली सोडून देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि त्यांची कार्ट्रिजंही येतात, आणि ई-कचऱ्याच्या रिसायकलिंगची जबाबदारी या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. कंपनीच्या हेल्पलाइनवर कलेक्शनचं विचारा, किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. प्लास्टिक, तांबं आणि शाईनं भिजलेले पॅड असं ते गाठोडं ओल्या-सुक्या कचऱ्याच्या कुठल्याच डब्यात बसत नाही.

आठवड्याचं एक पान

एवढं सगळं वाचून दमला असाल, तर फक्त हे शेवटचं लक्षात ठेवा. आठवड्यातून एकदा, चारही रंग असलेलं एक पान प्रिंट करा. फोटो कशाला, नोझल चेकचं पानही पुरतं. पाठकोरा कागद वापरा, फक्त तो चुरगळलेला नको आणि त्याला पिन नको. काही आठवड्यांचे चेक एकाच फाइलला लावून ठेवलेत, तर कुठला रंग फिका पडायला लागलाय तेही आधीच कळेल. उन्हाळ्यात प्रिंटर खिडकीच्या उन्हात किंवा एसीच्या झोतात ठेवू नका. लांब गावाला जाणार असाल, तर शेजारच्या काकूंना झाडांना पाणी घालायला किल्ली देताच ना? त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगा, रविवारी एक पान काढ.

मोबाइलमध्ये रविवार सकाळी ११ चा रिमाइंडर लावा. चहाचा दुसरा कप, पुरवण्या, आणि चार रंगांची एक जाळी. शाई लागेल नावापुरती, वेळ लागेल दोन मिनिटं. आणि रात्री साडेदहाला जेव्हा व्हिसाचा फॉर्म अर्जंट लागेल, तेव्हा तो पहिल्याच फटक्यात बाहेर येईल.